सवा किलोचा फरक

माझं वजन एके काळी कोर्टात दाखल होतं. हे सांगितलं की लोक हसतात, त्यांना वाटतं म्हातारी रंगवून सांगतेय. पण खरंच होतं. चंदीगडच्या सतरा सेक्टरातल्या जिल्हा कोर्टात, एका जाड फायलीत, शनिवारी सकाळी माझं वजन किती आणि रविवारी संध्याकाळी किती, याचे दोन तक्ते लावलेले होते, एक आईच्या अक्षरातला आणि एक बाबांच्या. आता दवाखान्यात काट्यावर उभं राहा म्हटलं की मी डोळे मिटून घेते. डॉक्टरीणबाई म्हणतात, आजी, या वयात कसली आलीय लाज? लाज कसली डोंबलाची! तो आकडा कुणी मोठ्याने वाचू नये, एवढंच मला वाटतं.

बाबा अमरावतीकडचे. तीस सेक्टरात उपकरणांची सरकारी प्रयोगशाळा आहे, तिथे उपकरण बरोबर मोजतं की नाही हे तपासायचं त्यांचं काम, आणि ते त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की घरी आल्यावरही थांबत नसे. भिंतीवरचं घड्याळ रोज रेडिओच्या ठोक्याशी लावायचं, घरात तापमापी दोन ठेवायच्या आणि दोन्हींत फरक आला की तिसरी आणायची, दूधवाल्याने मापून दिलेलं दूध त्याच्यादेखत पुन्हा मापायचं. आई कोल्हापूरची. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडायची. दिवसभर अनोळखी लोकांशी ‘होल्ड कीजिए, बात कीजिए’ असं साखरेत घोळून बोलून झालं की घरी येईपर्यंत तिची साखर संपलेली असे. ती म्हणायची, आज आमटी काय झालीय बघा. बाबा एक घास घेऊन म्हणायचे, मीठ पाव चमचा जास्त आहे. भांडण काढायला म्हणत नसत हो! त्यांना मनापासून वाटे की हिला खरा आकडा कळायला हवा. आईने चौदा वर्षं खरे आकडे ऐकून घेतले, आणि एक दिवस पेटी भरली, माझा हात धरला आणि तीस सेक्टरातलं आमचं घर सोडून, मधला मोठा रस्ता ओलांडून वीस सेक्टरात लालाजींच्या माडीवर भाड्याने राहायला गेली. मी तेव्हा दहा वर्षांची होते. दोघंही चांगली माणसं, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. फक्त एका छपराखाली नकोत.

लालाजींचा खाली कोळशाचा डेपो होता. तेव्हा हिवाळ्यात घरोघरी अंगीठ्या, म्हणजे शेगड्या, पेटायच्या, आणि पहाटे पहिला आवाज कानावर यायचा तो फावड्याने कोळसा ओढल्याचा. त्याच्यामागून बीजींचा, म्हणजे लालाजींच्या बायकोचा. बीजी बोलल्या की चिमण्या उडायच्या. मला त्या ‘नंदी’ म्हणत, आई ‘नंदे’ म्हणे आणि बाबा ‘नंदू’. नाव नंदिनी ठेवलं होतं, ते फक्त कोर्टाच्या कागदावर वापरलं गेलं. घरी आई-बाबा मराठीत बोलायचे आणि मी हिंदीत उत्तर द्यायचे, त्याची आईला भारी चीड. ‘कोल्हापूरची लेक आणि म्हणे भूक नहीं है! भूक नाही म्हण की गं!’ पण भूक नाही हे मराठीत म्हटलं काय आणि हिंदीत म्हटलं काय, आईच्या घरात ते कुणी ऐकून घेत नसे. तिच्या हातची थालीपिठं, तव्यावरून थेट ताटात, वर लोण्याचा गोळा. खालून बीजींची पिन्नी यायची, कणीक-तूप-गुळाची, एक खाल्ली की दुपारपर्यंत बघायला नको. आणि ही सगळी मजा मजा राहिली नाही, ती त्या कोर्टामुळे.

त्या वेळी फॅमिली कोर्ट वगैरे काही नव्हतं. नवराबायकोचं भांडण, भाऊबंदकी, घरमालक-भाडेकरू, सगळ्यांना एकच व्हरांडा, एकच चहावाला. मुलगी कुणाकडे राहावी असा अर्ज आईने केला आणि माझ्याकडेच राहावी असा उलटा अर्ज बाबांनी केला. जज्जसाहेबांनी तात्पुरता हुकूम दिला की शाळेचे दिवस आईकडे, शनिवारी दुपारी बारा ते रविवारी संध्याकाळी सहा बाबांकडे. हे ठीक चाललं होतं. पण आईचे वकील चोप्रा एका तारखेला उठून म्हणाले की बापाला स्वयंपाक येत नाही, मुलगी त्याच्याकडे सुकून जाते. उचलली जीभ, लावली टाळ्याला! बाबांना हे इतकं झोंबलं की त्यांनी इंडस्ट्रियल एरियातल्या एका भंगारवाल्याकडून माणसं तोलायचा मोडका काटा आणला, पंधरा दिवस खपून नीट केला, आपल्या पितळी मापांनी तपासला, आणि मला त्यावर उभं केलं. आल्यावर एकदा, निघताना एकदा. निळ्या कव्हराचं रजिस्टर घातलं. तारीख, वेळ, वजन, कपडे कोणते घातलेत, शेवटचं जेवण कधी. पुढच्या तारखेला त्यांचे वकील सैनी यांनी ते रजिस्टर असं काही उंच धरलं की जणू पानिपत जिंकून आलेत. मुलगी बापाकडे दीड दिवसात तीनशे ग्रॅमने वाढते, माय लॉर्ड!

आता आई ऐकून घेणार होय? तिच्याकडे काटा नव्हता, पण खाली डेपो होता. दर शनिवारी सकाळी अकरा वाजता आई मला खाली न्यायची आणि लालाजींच्या त्या लांबलचक दांडीच्या तराजूत बसवायची. एका पारड्यात मी, दुसऱ्यात लोखंडी मापं. पारडं कोळशाने माखलेलं, आई त्यावर वर्तमानपत्र अंथरायची, तरी माझ्या फ्रॉकला मागे काळा गोल उठायचाच. मी पाय मुडपून साखळी धरून बसायचे, आणि कोळसा घ्यायला आलेल्या बायका कौतुकाने विचारायच्या, ‘केहड़े भाव, लालाजी?’ म्हणजे पोर काय भावाने दिली! रविवारी संध्याकाळी परत आले की पुन्हा तेच. आईनेही वही घातली. ट्रंककॉलची नोंद करायची सवय असलेली बाई, तिची वही बाबांच्या रजिस्टरापेक्षा सुबक होती, हे त्यांच्या वकिलानेही कबूल केलं.

माझी गोष्ट वेगळीच होती आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसले असताना चोप्रा वकील आईला म्हणाले होते, ‘बहनजी, जहाँ लड़की का वजन बढ़ेगा, समझिए लड़की वहीं जाएगी।’ मी ते ऐकलं आणि घाबरून गेले. आईकडे जास्त खाल्लं तर बाबा जाणार, बाबांकडे जास्त खाल्लं तर आई जाणार. मला तर दोघंही हवी होती. दहा वर्षांच्या पोरीने यावर काय उपाय काढावा? दोन्हीकडे सारखं खायचं! आईकडे चार थालीपिठं खाल्ली की बाबांकडे चार रोडगे खायचेच, पोट कितीही नको म्हणो. बाबा दर शनिवारी वरण-रोडगे करायचे, तेवढं एकच त्यांना जमायचं. कणकेचे गोळे शेगडीतल्या निखाऱ्यांवर भाजून, चुरून, वर तूप आणि घट्ट वरण. ‘खाऊन घे, नंदू. लाजू नको. अजून एक देऊ का?’ रविवारी निघताना त्यांचा काटा समोर दिसला की मी न्हाणीघरात जाऊन दोन तांबे पाणी प्यायचे. मग रस्ता ओलांडून लालाजींच्या तराजूत बसायच्या आधी हापशावर पुन्हा एक तांब्या, कारण आईवर अन्याय नको. वर्षभरात मी नऊ किलोंनी वाढले. शाळेत मला गठरी, म्हणजे गाठोडं, म्हणू लागले. पोट तर रोजच दुखायचं, पण पोट दुखतं म्हणून सांगावं तर कुणाच्या घरात दुखलं हा नवा प्रश्न निघाला असता.

आईच्या बदलीचा कागद आला तेव्हा प्रकरणाला धार चढली. तिने कोल्हापूरची बदली मागून घेतली होती, मामा तिथे होता. एप्रिलअखेर रुजू व्हायचं. म्हणजे आता शनिवार-रविवारचा प्रश्नच उरला नाही. रस्ता ओलांडण्याचा सवाल नव्हता, अख्खा देश ओलांडायचा होता. मी एक तर आईबरोबर जाणार किंवा बाबांजवळ राहणार, आणि दुसऱ्याला पाहायचं म्हणजे दोन रात्री रेल्वेत काढायच्या. मी रात्री उशीत तोंड खुपसून देवाला म्हणायचे, दोघांचं वजन सारखं पडू दे. माझं नव्हे, त्यांचं.

त्या तारखेला सैनी वकिलांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि टेबलावर हात आपटला. शनिवारी अकरा वाजता आईच्या वहीत सवाएकतीस किलो. त्याच शनिवारी बारा वाजता बाबांच्या रजिस्टरात तीस. मागच्या शनिवारी, त्याच्या मागच्या, तेच. दर वेळी सवा किलो कमी, कधी थोडं इकडे, कधी थोडं तिकडे. आई खोटे आकडे लिहिते, असं सैनींचं म्हणणं. चोप्रा ओरडले की चोराच्या उलट्या बोंबा, बापच येताना मुद्दाम कमी लिहितो म्हणजे जाताना वाढ दिसावी. जज्जसाहेब वयस्कर, गळ्यात मफलर, हिवाळ्यात त्यांना कायम सर्दी. त्यांनी दोन्ही वह्या नाकाजवळ नेऊन पाहिल्या आणि विचारलं, ‘वकील साहब, कुड़ी ने बीच में किया क्या है?’

‘सिर्फ सड़क पार की है, जनाब,’ सैनी म्हणाले.

‘बीस सेक्टर से तीस सेक्टर? एक सड़क पार करने में सवा किलो घट गई? फिर तो मैं भी रोज पार करूँगा.’

सगळं कोर्ट हसलं. मी मागच्या बाकावर आईच्या पदराआड बसले होते, माझे कान गरम झाले. जज्जसाहेबांनी हुकूम दिला की दोन्ही काटे तपासून घ्या आणि सोमवारी मुलीला घेऊन या, मी तिच्याशी एकटा बोलणार. आई रागाने लाल झाली होती. पण बाबांकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा उजळलेला! खटला, वकील, बायको, सगळं विसरून ते उभे राहिले होते. आयुष्यात पहिल्यांदा एका न्यायाधीशाने त्यांना काटा तपासायला सांगितला होता.

शनिवारी सकाळी मी पारड्यात बसले होते, पोटात चार थालीपिठं आणि एक पिन्नी, आणि समोरून बाबा सायकलवरून आले. कॅरियरला त्यांची लाकडी पेटी बांधलेली. त्या पेटीत मखमलीच्या खाचांतून त्यांची स्वतःची पितळी मापं असत, लग्नानंतर पहिल्यांदा चंदीगडला येताना आईला बसायला जागा नव्हती पण त्या पेटीला बर्थ होता, हे आई शंभरदा ऐकवायची. डेपोसमोर बायकांची रांग होती, हातात डबे, पोती, एकीच्या कडेवर पोर. आई कमरेवर हात ठेवून पुढे झाली. रागावली की तिचं कोल्हापूर बाहेर पडायचं.

‘इथं कशाला आलासा?’

‘काटा तपासायले. कोर्टाचा हुकूम हाये.’ बाबांचंही अमरावती अशाच वेळी बाहेर पडायचं.

‘म्हणजे मी खोटी?’

‘तू खोटी कोण म्हणून राहिलं? मी म्हणतो काटा पाहू. तू कायले अंगावर घेतेस?’

‘चौदा वर्षं हेच. मीठ तपासा, घड्याळ तपासा, आता बायको तपासा!’

 बाबांनी मला पारड्यातून उचलून खाली ठेवलं, रुमालाने पारडं पुसलं, जे त्या पारड्याच्या जन्मात कुणी केलं नसेल, आणि पेटीतून पाच किलोचं पितळी माप काढून एका बाजूला ठेवलं. दुसऱ्या बाजूला लालाजींचं पाच किलोचं लोखंडी माप. दांडी हलली, डुलली, आणि बाबांचं पितळ खाली गेलं. लालाजींचं लोखंड वर, हवेत. बाबांनी लहान लहान मापं त्या बाजूला टाकायला सुरुवात केली. पन्नास ग्रॅम, शंभर ग्रॅम, दीडशे. दोनशेला दांडी आडवी थांबली. रांगेतल्या बायका पुढे सरकल्या. बाबा स्वतःशीच पुटपुटत होते. ‘पाच किलोमागे दोनशे ग्रॅम कमी. म्हणजे तीस किलोची पोर इथे सवाएकतीस दिसते. सवा किलो! बरोबर! अगदी बरोबर!’ त्यांनी आनंदाने आईकडे वळून पाहिलं. ‘तुझं लिहिलेलं बरोबर, माझं लिहिलेलं बरोबर. लबाडी मापात आहे!’

हे त्यांनी मराठीत म्हटलं असतं तर लालाजी वाचले असते. पण बाबांना रांगेतल्या बायकांनाही खरा आकडा कळायला हवा होता, म्हणून त्यांनी तेच पुन्हा स्वच्छ हिंदीत सांगितलं. लालाजी पुढे धावले, ‘ओ जी, पुराने वट्टे हैं, घिस गए हैं!’ बाबांनी माप उलटं केलं आणि बुडातली शिसं भरायची रिकामी खोबण बोटाने दाखवली. ‘घिसे नहीं हैं, लालाजी. नीचे से सीसा निकाला हुआ है. चालीस किलो की बोरी पर आप एक किलो छह सौ ग्राम खा रहे हैं.’ मग काय विचारता! डबे वाजले, पोती आपटली, कडेवरच्या पोराने भोकाड पसरलं. एक बाई हिशेब ओरडू लागली की तीन हिवाळ्यांत तिचा किती कोळसा गेला. आणि तेवढ्यात बीजी लाटणं घेऊन बाहेर आल्या. मला वाटलं त्या नवऱ्याची बाजू घेणार. त्यांनी मधोमध उभं राहून एकच विचारलं, ‘मेरी रसोई दा कोला वी एसे नाल तोलदा सी?’ स्वतःच्या स्वयंपाकघराचा कोळसाही लालाजी याच मापाने तोलून देत होते! लालाजी गुपचूप कोळशाच्या ढिगामागे गेले.

आई हसली. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सुटला. ती भिंतीला टेकून हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि बाबा तिच्याकडे पाहून हसायला लागले, खांदे हलवत, आवाज न करता, त्यांचं हसणं तसंच होतं. मी त्यांना दोघांना एकत्र हसताना शेवटचं कधी पाहिलं ते मला आठवत नव्हतं. आई म्हणाली, ‘वर चला, चहा टाकते.’ मला वाटलं, झालं! संपलं सगळं. लबाडी मापात होती, सापडली, आता आम्ही तिघं घरी जाणार. मी जिन्याच्या पायऱ्या दोन दोन करत चढले, नऊ किलो जास्तीचे घेऊन.

चहा अर्धा होईपर्यंत टिकलं ते. बाबा कपात बघत म्हणाले, ‘तू आधीच माप तपासून घेतलं असतं, तर वर्ष वाचलं असतं.’ आईने बशी खाली ठेवली. ‘तुम्ही कधी आल्यासारखं नुसता चहा पिऊन गेला असतासा तर वर्ष वाचलं असतं.’ बाबांना खरंच कळलं नाही की ते काय चुकीचं बोलले. आईला खरंच कळलं नाही की त्यांना कळलं नाही. मी दोघांच्या मधे पाटावर बसले होते आणि मला कळलं, स्पष्ट कळलं, की हे पुन्हा एका घरात राहणार नाहीत. रडू आलं ते मी बिस्किटाबरोबर गिळलं. आज माझ्या नातीच्या शाळेतली मुलं म्हणे समुपदेशकाकडे जातात. आमच्याकडे बिस्किट होतं.

सोमवारी जज्जसाहेबांच्या खोलीत मी एकटी गेले. जाण्याआधी चोप्रांनी मला एका कोपऱ्यात घेऊन काय म्हणायचं ते शिकवलं होतं आणि सैनींनी दुसऱ्या कोपऱ्यात. मी दोन्ही धडे पाठ केले होते, पाठांतर माझं चांगलं होतं. खोलीत हीटर होता, जज्जसाहेब मफलरमध्ये शिंकत होते. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, शाळेचं विचारलं, मैत्रिणींची नावं विचारली. मग टेबलाच्या खणातून एक डबा काढला आणि बेसनाचा लाडू पुढे केला. ‘ले पुत्तर, खा. घर का है.’

माझ्या आईने लाडू दिला होता सकाळी. बाबांनी कोर्टाच्या दारात पेढा दिला होता. मी त्या लाडवाकडे पाहिलं आणि मला हुंदकाच फुटला. धडे दोन्ही विसरले. ‘नहीं खाना. मुझे नहीं खाना. आप भी तोलेंगे?’

जज्जसाहेब गोंधळले. ‘मैं क्यों तोलूँगा, पुत्तर?’

मग सगळं बाहेर पडलं. की जिथे जास्त खाईन तिथे पाठवणार ना, म्हणून मी दोन्हीकडे सारखं खाते. चार इथे, चार तिथे. मग पाणी पिते. पोट रोज दुखतं, पण ते सांगितलं तर कुणीतरी हरेल. जज्जसाहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले, सर्दी होती म्हणा. मग त्यांनी लाडवाचा डबा परत खणात ठेवला, शिपायाला सांगून आई-बाबांना आत बोलावलं, वकिलांना बाहेरच ठेवलं, आणि मला म्हणाले, आता हे यांना सांग. मी सांगितलं. हिंदीत सुरू केलं आणि कधी मराठीत गेले ते कळलं नाही. जज्जसाहेबांना शब्द कळले नसतील, तरी त्यांनी थांबवलं नाही.

 आई माझ्याकडे बघत होती आणि तिचा ट्रंककॉलचा गोड आवाज, घरचा तिखट आवाज, दोन्ही गेले होते. पहिले बोलले बाबा. ‘साहब, बच्ची माँ के पास जाए. कोल्हापुर. मैं अर्जी वापस लेता हूँ.’

आई एकदम वळली. ‘नाही नाही, साहब, यहीं रहने दीजिए. इसका स्कूल है यहाँ. इनके पास ठीक है, ये... ये बहुत ध्यान रखते हैं.’

‘नहीं, इसको माँ चाहिए.’

‘अहो, तुम्ही गप्प बसा की! नहीं साहब, ये अच्छे बाप हैं.’

‘साहब, ये मुझसे अच्छी है. लिख लीजिए.’

जज्जसाहेबांनी पेन टेबलावर आपटलं. ‘कमाल है! सवा साल से दोनों लड़ रहे हैं, लड़की मेरी, लड़की मेरी. अब दोनों को नहीं चाहिए?’ आणि मी, सांगू का, मी तिथे त्या खुर्चीत बसून हसले. त्या वर्षात पहिल्यांदा ते दोघं माझ्यासाठी भांडत नव्हते, माझ्यासाठी हरत होते, आणि ते मला अकरा वर्षांच्या अकलेनेही कळलं. जज्जसाहेबांनी बाबांचं बोलणं आधी आलं म्हणून तेच लिहून घेतलं. परीक्षेनंतर मुलगी आईबरोबर जाईल, उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी बापाकडे. आणि खाली एक ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली की यापुढे मुलीचं वजन कुणीही करू नये.

त्यानंतरच्या शनिवारी मी बाबांकडे गेले तेव्हा सवयीने त्यांनी आठ रोडगे केले होते. काटा दिसला नाही, कुठे ठेवला ते मी विचारलं नाही. मी दोन खाल्ले. तिसरा अर्धा खाल्ला आणि थांबले, आणि भीत भीत त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्या ताटाकडे बघत होते.

‘बाबा, पेट भर गया.’

‘राहू दे मग.’

‘आपको बुरा लगा?’

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.  मग म्हणाले, ‘पूर्ण वर्ष तुझं पोट दुखून राहिलं, नंदू. वेळ लिहिली मी, कपडे लिहिले, ग्रॅमपर्यंत वजन लिहिलं. पोट दुखते का, हे एक दिवस विचारलं नाही मी तुला.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांना रडताना मी तेवढंच पाहिलं, आणि मला त्यांची इतकी माया आली की मी जेवणाच्या खरकट्या हाताने त्यांच्या गळ्यात पडले. पुढे मी आईबरोबर कोल्हापूरला गेले, तिथेच शिकले, तिथेच माझा संसार झाला, आणि लोक म्हणायचे, तुझ्या आईने खटला जिंकला. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. त्या दिवशी मात्र बाबांनी माझ्या ताटातला अर्धा रोडगा उचलून आपल्या ताटात घेतला आणि खाल्ला. मग मी हात धुऊन बाहेर खेळायला गेले.